मैदाने व युवक-क्रीडा, लहान नगरांतील

मैदाने व युवक-क्रीडा, लहान नगरांतील : लोकांच्या विसाव्यासाठी आणि मुलातरुणांच्या खेळासाठी नगरसंस्थेने राखलेली मोकळी जागा व तिच्यावर रोज चालणारे शिक्षण. बोलणे बहुतेक जागेचेच होते, शिक्षण मागे राहते. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१ जून १९९३ पासून लागू) आलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा व क्रीडांगणे हा नगरपालिकांकडे सोपवता येणाऱ्या कामांपैकी बारावा विषय आहे. मध्य प्रदेशाच्या सौंसर तालुक्यातील लोधीखेड्याची नगर परिषदही याच चौकटीतली. ऑक्टोबर २०२३ मध्ये हा तालुका छिंदवाड्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आला. अनुसूची जागेचा हक्क सांगते, पण त्या जागेवर संध्याकाळी कोण उभे राहील हे सांगत नाही. मैदान जगते ते मात्र त्या माणसामुळे.

मराठी मुलखातला अनुभव हेच दाखवतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची सुरुवात १९१४ साली आखाड्यातून झाली. शिकवणारे टिकले म्हणून आखाडा वाढला आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. मुंबईचे शिवाजी पार्क १९२५ मध्ये लोकांसाठी खुले झाले. क्रिकेटने त्याला नाव मिळवून दिले खरे, पण तेथील समर्थ व्यायाम मंदिरात पिढ्यान्‌पिढ्या मल्लखांब शिकवला गेला, आणि २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच मैदानावर झाली. लोधीखेड्याला हा धागा परका नाही: मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्यखेळाचा दर्जा दिला. पुरलेला खांब, भुसभुशीत माती आणि जाणता शिक्षक एवढ्यावर हा खेळ सुरू होतो. लहान गावाला परवडणारा असा दुसरा खेळ शोधायचा तर कबड्डीच आठवते.

आक्षेप असा, की महानगराची उदाहरणे छोट्या परिषदेला लावू नयेत, तिच्याकडे पैसा नसतो. हा आक्षेप खरे तर उलट बाजूने बोलतो. हिरवळ व कारंजे यांना पाणी, वीज आणि माळी कायम लागतात, तर सपाट मैदानाला कडेची सावलीची झाडे व शिक्षकाचे मानधन पुरते. शाळेचे पटांगण असताना वेगळे मैदान कशाला, असेही म्हटले जाते. पटांगण संध्याकाळी उघडे ठेवण्याचा करार झाला तर सुरुवात तेथूनच व्हावी. पण शाळा सोडलेल्या मुलाला तेथे हक्काने येता आले पाहिजे. मैदान क्रिकेटवाल्या मुलांच्या ताब्यात जाते, ही तक्रार सर्वांत खरी आहे. त्यावर कुंपण हा उपाय नव्हे. मुलींसाठी, लहानग्यांसाठी आणि वृद्धांच्या फेरफटक्यासाठी ठरलेल्या वेळा फलकावर लावाव्यात आणि त्या पाळल्या जाव्यात.

म्हणून परिषदेच्या अंदाजपत्रकात शिक्षकाचे मानधन पहिल्या ओळीत यावे, आणि बागेच्या शोभेचा खर्च त्यानंतर.