शोध लागला की लावला?

कोल्हापुरात शिवाजी पेठेच्या परिसरात, खरी कॉर्नरला, कॅमेऱ्याचा एक मानस्तंभ आहे. बाबूराव पेंटर यांच्या कामगिरीची तो आठवण देतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बाबूरावांनी कोल्हापुरात चलच्चित्रांचा कॅमेरा स्वतः घडवला. ही गोष्ट वर्गात सांगताना ‘बाबूरावांनी कॅमेऱ्याचा शोध लावला’ असे वाक्य सहज तोंडून निघते. ते बरोबर आहे काय?

इंग्रजीत ‘डिस्कव्हरी’ आणि ‘इन्व्हेन्शन’ असे दोन शब्द आहेत. निसर्गात असलेले, पण ठाऊक नसलेले उघड करणे ही डिस्कव्हरी. आधी नसलेली वस्तू किंवा युक्ती योजणे हे इन्व्हेन्शन. गंमत अशी, की ‘इन्व्हेन्शन’च्या लॅटिन मुळाचा अर्थही ‘सापडणे’ असाच आहे. इंग्रजीतला भेद काळाच्या ओघात पक्का झाला. मराठीत मात्र ‘शोध’ हा एकच शब्द दोन्ही ओझी वाहतो.

आता कॅमेऱ्याकडेच पाहू. चांदीचे क्षार काळे पडतात ते उष्णतेने नव्हे, तर प्रकाशाने, हे शुल्त्से या जर्मन शास्त्रज्ञाने १७१७च्या सुमारास दाखवले. ही डिस्कव्हरी. फिल्मची पट्टी क्षणभर थांबवायची, झडप उघडून चित्र घ्यायचे, झडप मिटताच पट्टी पुढे सरकवायची, ही योजना म्हणजे इन्व्हेन्शन. एडिसनच्या प्रयोगशाळेत असा कॅमेरा आधी बनला होता; ल्युमिएर बंधूंनी १८९५ साली त्यांचे सुटसुटीत यंत्र आणले. पट्टी सरकवण्याची युक्ती त्यांना शिवणयंत्रावरून सुचली होती. ७ जुलै १८९६ रोजी त्यांची चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली.

म्हणजे बाबूरावांपूर्वी तत्त्वही माहीत होते आणि यंत्रही होते. बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव चित्रपटासाठी धडपडत होते. १९१६ साली आनंदराव वारले. पुढे दामल्यांच्या मदतीने बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. याला डिस्कव्हरी म्हणता येत नाही आणि इन्व्हेन्शनही नाही. ही घडण आहे.

ती कमी प्रतीची मानू नये. गॅलिलिओनेही दुर्बीण योजली नव्हती. हॉलंडमधल्या दुर्बिणीची वार्ता ऐकून १६०९ साली त्याने स्वतःची घडवली, ती सुधारली, आणि १६१० साली तिच्यातून गुरूचे चंद्र पाहिले. हाती यंत्र आले म्हणून नवे दिसले. कोल्हापुरातही हाती कॅमेरा आला म्हणून तिथे चित्रपट उभा राहिला.

‘शोध कोणी लावला?’ या प्रश्नाला परीक्षेत एका नावाचे उत्तर पुरते. वर्गात मात्र फळ्यावर तीन रकाने आखावेत : उघड केले, योजले, घडवले. दुर्बीण, विजेचा दिवा, लस, कॅमेरा यांची नावे विद्यार्थ्यांनाच त्यांत भरू द्यावीत. बहुतेक वेळा एका वस्तूसाठी तिन्ही रकाने लागतील, आणि प्रत्येकात निराळे नाव येईल. बाबूरावांचे नाव तिसऱ्या रकान्यात लिहिल्याने त्यांचा मान तसूभरही घटत नाही. उलट त्यांनी नेमके काय केले, ते मुलांना कळते.