सात हाली, सहा कलदार

मंडळी, या विकांताला एक सोपा वाटणारा प्रश्न. एखादी जागा 'देश' आहे की नाही, हे ठरवायचं कसं?

याचं उत्तर एका करारात चक्क चेकलिस्टसारखं दिलंय. १९३३ साली उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ इथे अमेरिका खंडातल्या देशांनी हा करार केला. अटी चार: कायमची लोकसंख्या, ठरलेला भूभाग, सरकार आणि इतर देशांशी संबंध ठेवण्याची क्षमता. बस्स. इतरांनी मान्यता दिली नाही तरी देश हा देशच असतो, असंही त्यात लिहिलंय.

आता ही चेकलिस्ट आपल्या ओळखीच्या जागेला लावून बघू. १९४८ सालचं निजामाचं हैदराबाद संस्थान.

लोकसंख्या? दीड कोटीच्या वर. भूभाग? दोन लाख चौरस किलोमीटरपेक्षा जास्त, त्यात आपला अख्खा मराठवाडा. सरकार? पंतप्रधान, सैन्य, टपाल तिकिटं, रेल्वे, उर्दूतून शिकवणारं विद्यापीठ, सगळं होतं. रुपयासुद्धा वेगळा! सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार, अर्थात इंग्रजी रुपये. तीन टेस्ट केसेस पास.

घोडं अडलं ते चौथ्या अटीवर. इंग्रजांच्या काळात निजामाला परराष्ट्र व्यवहाराचा अधिकार नव्हता. १५ ऑगस्ट १९४७ ला इंग्रज गेले, म्हणजे आपण स्वतंत्र झालो, असं निजामाचं म्हणणं. पण त्याच नोव्हेंबरात त्याने भारताशी वर्षभराचा 'जैसे थे' करार केला आणि परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, दळणवळण याबाबतची जुनीच व्यवस्था भारताबरोबर चालू ठेवली.

तरीही २१ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार नेली. संयुक्त राष्ट्रांचा सभासद नसलेल्यालाही तक्रार करता येते, पण तो 'देश' असावा लागतो. मेख तिथेच होती. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १६ तारखेला पॅरिसमध्ये परिषदेने विषय चर्चेला घेतला, पण आपल्याला त्यात अधिकार आहे का, हा प्रश्न बाजूला ठेवला. १७ ला निजामाने शस्त्रं खाली ठेवली आणि नंतर तक्रारही मागे घेतली. निकाल लागलाच नाही.

पण गंमत पुढेच आहे. त्या धामधुमीत निजाम सरकारचे लंडनच्या बँकेतले दहा लाख पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्ताच्या खात्यात गेले. निजामाने ते परत मागितले, दावा लावला. १९५७ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, पाकिस्तान हा सार्वभौम देश आहे, त्याच्या संमतीशिवाय हा खटला चालणार नाही. पैसे वळते झाले तेव्हा पाकिस्तानचं वय होतं जेमतेम तेरा महिने, आणि आसफजाही घराण्याचा कारभार सव्वादोनशे वर्षांचा! (शेवटी २०१९ साली लंडनच्या न्यायालयाने भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूने निकाल दिला. तोवर रकमेचे साडेतीन कोटी पौंड झाले होते.)

म्हणजे जगाने मानलं तरच देश? अर्धं उत्तर एवढंच. उरलेलं अर्धं मराठवाड्यात आहे. त्या चेकलिस्टमध्ये 'लोकसंख्या' आहे, पण लोकांचं मत कुठेच नाही. हैदराबादची बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी, राज्यकारभार उर्दूत. १९३८ साली स्टेट काँग्रेस स्थापन होतेय न होतेय तोच तिच्यावर बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थांसारखे लोक तुरुंगात गेले, आणि लातूरच्या वकिलीतून पुढे आलेल्या कासीम रझवीचे रझाकार गावोगाव धुमाकूळ घालत राहिले. ज्या लोकांच्या नावावर देश मागायचा, त्यांनाच विचारायचं नाही, असा तो प्रकार.

खरं तर भारतानेही लगेच सार्वमत घेतलं नाही. आणि 'पोलिस ॲक्शन'च्या काळात व नंतर मुसलमानांची कत्तल झाली. भारत सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीचा अंदाज होता २७ ते ४० हजार मृत्यूंचा. १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो, तेव्हा हा आकडाही माहीत असलेला बरा.

असो. तिकिटं छापता येतात, नाणी पाडता येतात. पण देशाला दोन सह्या लागतात: एक बाहेरच्या जगाची, एक आत राहणाऱ्यांची. निजामाकडे पहिली नव्हती म्हणून त्याची तक्रार अडली. दुसरी तर त्याने कधी मागितलीच नाही.