थंड हवेचा हिशेब

चैत्र सरत आला की घरोघरी एक बोलणे निघते. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, दुपारी पंख्याखालीही बसवत नाही, आणि यंदा चार दिवस कुठे जायचे याचा खल सुरू होतो. महाबळेश्वर की माथेरान, गाडी कोणती, उतरायचे कुठे, माणशी खर्च किती, हे सारे कागदावर मांडले जाते. यात गैर काही नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाने चार दिवस थंड हवेत काढावेत, ही त्याची चैन नसून त्याचा हक्क आहे, असेच आम्ही कामगारांच्या सभांतून सांगत आलो. परंतु या हक्कालाही इतिहास आहे. तो काही डोंगरावर घडला आणि काही गिरणीच्या दाराशी. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात, एवढ्याच हेतूने माथेरान हे एकच गाव आम्ही आज विचारासाठी घेतले आहे.

माथेरानचा शोध १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी लावला, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. मॅलेटसाहेब चौक गावाकडून डोंगर चढले, वरची गर्द झाडी आणि गार वारा त्यांना आवडला, आणि पुढे त्यांनी तेथे राहण्याची सोय केली, हे खरे. तथापि शोध हा शब्द जपून वापरावा. त्या डोंगरात ठाकूर, कातकरी आणि धनगर यांची वस्ती पूर्वीपासून होती. माथ्यावरचे रान म्हणून माथेरान, हे नावच मराठी आहे. नाव आधीपासून होते, त्या अर्थी नाव ठेवणारी माणसेही आधीपासून होती. साहेबांनी शोधली ती हवा. वाटा माहीत असणारे लोक तेथे होतेच.

थंड हवेची अशी ठिकाणे त्या काळी का निघाली, तेही पाहिले पाहिजे. उन्हाळ्यात गोऱ्या अधिकाऱ्यांना मुंबईची हवा सोसत नसे. तापाने आणि हगवणीने माणसे दगावत. म्हणून १८२८ साली गव्हर्नर माल्कम यांच्या कारकिर्दीत महाबळेश्वर वसवले गेले आणि पुढे इलाख्याचे सरकारच उन्हाळ्यात तेथे हलू लागले. त्या महाबळेश्वरास चिनी कैद्यांचा तुरुंग होता, ही गोष्ट आज फार थोड्यांस ठाऊक असेल. मलायाकडील इंग्रजी वसाहतींतून शिक्षा होऊन आलेले हे कैदी तेथल्या रस्त्यांवर राबले आणि बागाईत करून त्यांनी साहेबांच्या टेबलावर भाजी पुरवली. १८६४ मध्ये तो तुरुंग मोडला. सांगायचे तात्पर्य, थंड हवा ईश्वराने दिली खरी, पण तिच्यापर्यंत पोहोचणारा रस्ता कुणीतरी घाम गाळून केला, आणि त्या कुणीतरीचे नाव सहसा पाटीवर नसते.

माथेरानचे भाग्य उघडले ते आगगाडीने. १८५६ च्या मे महिन्यात कल्याणहून खोपोलीपर्यंतचा लोहमार्ग सुरू झाला आणि डोंगराच्या पायथ्याचे नेरळ मुंबईला जोडले गेले. त्या वेळी गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांचाही डोंगरावर लोभ जडला. मग बंगले उठले, पायवाटांचे रस्ते झाले, मुंबईचे अधिकारी, पारशी शेटजी, बोहरी व्यापारी येऊ लागले. नेरळपासून वरची चढण मात्र तट्टावर नाहीतर पालखीत बसून जायची. पालखी म्हणजे चार भोई आले. बसणाऱ्याला गार वारा लागे आणि वाहणाऱ्याला घाम सुटे. एकाच डोंगरावर, एकाच घटकेस, या दोन्ही गोष्टी चालत.

त्याच १८५६ साली मुंबईत कावसजी दावर यांची कापडगिरणी चालू झाली. डोंगराची वाट आणि गिरणीचा भोंगा ही जुळी भावंडे आहेत, असे म्हटले तरी चालेल. गिरणीत काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत असे. आठवड्याची अशी ठरलेली सुटी नव्हती. सणावाराला गिरणी बंद राही, एरवी यंत्रे साफ करण्याच्या निमित्ताने रविवारचा वेळही खर्ची पडे. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सादर केले. त्यातील मागण्या आजच्या तरुणांनी मुद्दाम वाचाव्यात. रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. बारा तासांच्या आसपास राबण्याची त्यांची तयारी होती. मागितला होता तो आठवड्यातला एक दिवस.

तो एक दिवस मिळवायला आणखी सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोडशर्यतीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. अखेर १० जून १८९० पासून रविवारची सुटी गिरणीमालकांनी मान्य केली, आणि पुढच्या वर्षीच्या कारखाना कायद्याने आठवड्याच्या सुटीवर सरकारी शिक्का बसला. आज आपण शनिवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परतण्याचा बेत सहज करतो. तो रविवार पंचांगातून आलेला नाही. तो लोखंड्यांच्या सभांतून आलेला आहे.

आता पुन्हा डोंगराकडे वळू. तट्टू आणि पालखी यांचा त्रास चुकवण्यासाठी अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय या बोहरी गृहस्थांनी नेरळपासून माथेरानपर्यंत लहान आगगाडी नेण्याचे मनावर घेतले. १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि १९०७ च्या मार्चमध्ये गाडी धावू लागली. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट, लांबी सुमारे २१ किलोमीटर, चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट, आणि खर्च १६ लाख रुपये. एका कुटुंबाने स्वतःच्या पैशातून हे धाडस केले, त्याबद्दल त्यांचे नाव आदराने घेतलेच पाहिजे. ज्यांनी खडक फोडून ती वळणे कोरली त्यांनाही त्याच आदराचा वाटा मिळावा, इतकेच आमचे म्हणणे.

गाडी झाली तरी गिरणीकामगार माथेरानला गेला नाही. त्याची सुटी म्हणजे गावची वाट. रत्नागिरीचा माणूस शिमग्याला आणि गणपतीला बोटीत बसे, साताऱ्याचा माणूस जत्रेला आणि पेरणीला घरी जाई. तेथेही हात रिकामे नसत. घर शाकारायचे असे, बांध घालायचा असे, बहिणीचे लग्न उरकायचे असे. आणि जितके दिवस तो गावी, तितक्या दिवसांचा पगार बुडे. परत आल्यावर जागा शाबूत असेल याचीही खात्री नसे.

पगारी रजा ही कल्पनाच जगात उशिरा रुजली. १९३६ च्या जून महिन्यात फ्रान्समध्ये प्रचंड संपांनंतर कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा झाला, आणि त्याच महिन्यात जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने वर्षाला किमान सहा दिवसांच्या पगारी रजेचा ठराव संमत केला. आपल्याकडे १९४५ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामगारांना वर्षाच्या नोकरीनंतर दहा दिवसांची पगारी रजा मिळाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस असे प्रमाण घातले, आणि पुढे वर्षात २४० दिवस हजेरीची अट आली. २०२० साली संसदेने संमत केलेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ती अट १८० दिवसांवर आणली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात २४ वे कलम विश्रांतीचे आणि पगारी सुटीचे आहे, आणि आपल्या राज्यघटनेच्या ४३ व्या कलमात कामगाराच्या फुरसतीचा स्पष्ट उल्लेख आहे. कागदावर म्हणाल तर वाट डोंगरापर्यंत पोहोचली. परंतु १८० दिवस एका मालकाच्या हजेरीपटावर नाव लागणे, हेच ज्याच्या नशिबी नाही त्याने काय करावे? आणि असे लोक थोडे नाहीत. आपल्याला डोंगरावर नेणारे, आपले सामान वाहणारे, आपल्या खोल्या झाडणारे बहुतेक त्यांतलेच असतात.

याच डोंगराने एक माणूस दिला, त्याचे स्मरण येथे केले नाही तर हे विवेचन लंगडे राहील. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानात, न्हावी समाजातील एका गरीब घरात झाला. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आणि डोंगराखालच्या शेतकऱ्याला व आदिवासीला सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. ज्या गावात लोक विसाव्याला येतात, त्या गावच्या मुलाने तिशी ओलांडते न ओलांडते तोच आपले आयुष्य संपवले, तेही डोंगराखालच्या राबणाऱ्यांच्या बाजूने उभे राहून.

स्वातंत्र्यानंतर रस्ता वर चढला, पण मोटार गावात शिरली नाही. वाहने दस्तुरी नाक्यावर थांबतात. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील ठरवून मोटारींची बंदी अधिक पक्की केली. त्यामुळे झाडी राहिली, शांतता राहिली, आणि तांबड्या मातीचे ते रस्ते राहिले. पण मोटार नाही म्हणजे ओझे नाही असे होत नाही. दस्तुरीपासून गावापर्यंत प्रवासी आणि सामान न्यायचे ते घोड्याने, हमालाच्या डोक्यावरून, नाहीतर हातरिक्षाने. हातरिक्षा म्हणजे माणसाला बसवून माणसानेच ओढायची गाडी. एक जण पुढे ओढतो, एकदोघे मागून रेटतात. अशा ९४ परवान्यांच्या रिक्षा या एका गावात होत्या. पालखी गेली, भोई राहिला.

हे बदलावे म्हणून रिक्षा ओढणाऱ्यांचीच बाजू घेऊन न्यायालयात दाद मागितली गेली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रयोग म्हणून विजेवरच्या रिक्षांना परवानगी दिली. २०२४ मध्ये या रिक्षा हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्याव्यात असे सांगितले. आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी, ही प्रथा माणसाच्या प्रतिष्ठेला काळिमा लावणारी आहे असे ठरवून, ती सहा महिन्यांत बंद करावी, सरकारने विजेच्या रिक्षा विकत घेऊन खऱ्या रिक्षाचालकांना भाड्याने द्याव्यात, आणि पैसा नाही ही सबब पुढे करू नये, असा आदेश दिला. लोखंड्यांच्या निवेदनापासून या निकालापर्यंत १४१ वर्षे झाली. दोन्हींतला प्रश्न एकच आहे. दुसऱ्याच्या सुखासाठी राबणारा माणूस हा माणूस म्हणून मोजायचा की जनावर म्हणून?

या बदलाला विरोधही झाला. घोडेवाल्यांना आपल्या पोटाची धास्ती वाटते, आणि ती खोटी नाही. आज यंत्र आले आणि उद्या शेजारच्याचा धंदा बसला, हे आम्ही गिरण्यांत डोळ्यांनी पाहिलेले आहे. वाहने आली की झाडी जाईल, ही निसर्गप्रेमींची भीतीही वाऱ्यावर सोडून चालणार नाही. पण या भीतीचा भार रिक्षा ओढणाऱ्याने आपल्या छातीवर झेलत राहावे, असे म्हणण्याचा अधिकार कुणासही नाही. खरा प्रश्न मालकीचा आहे. विजेची रिक्षा ओढणाऱ्याच्या हाती राहिली तर त्याची सुटका होईल. ती एखाद्या ठेकेदाराच्या हाती गेली तर त्याच्या पाठीवरचे ओझे उतरेल आणि मानेवर दुसरे चढेल. निकाल लागला म्हणजे काम संपले असे संघटनेच्या माणसाने कधी समजू नये. निकालानंतरच खरी पहारेकऱ्याची वेळ येते.

आता ज्यांचा बेत ठरत आहे त्यांना दोन व्यवहाराच्या गोष्टी. माथेरानची उंची सुमारे ८०० मीटर, महाबळेश्वराहून बरीच कमी. तेव्हा मे महिन्यात तेथे दुपारी ऊन लागतेच. मार्गशीर्ष-पौषात, तेही आठवड्याच्या मधल्या दिवशी जाल तर थंडीही मिळेल आणि गर्दीही चुकेल. नेरळची लहान गाडी पावसाळ्यात पायथ्यापासून चढत नाही, हे ध्यानात ठेवावे. सामान स्वतःला उचलता येईल एवढेच न्यावे. पाय धड असतील तर दस्तुरीपासून चालावे, झाडीतली ती वाट चालण्यासाठीच आहे. हमाल किंवा घोडेवाला घ्याल तर दर आधी विचारावा आणि मग घासाघीस न करता द्यावा. दहा-वीस रुपये तोडून आपण श्रीमंत होत नाही, पण तुमच्यासारखे पन्नास जण आले तर त्याच्या महिन्याचा किराणा त्यात असतो.

आणि एक प्रश्न त्याला जरूर विचारावा : तुला सुटी कधी असते? त्याचे उत्तर ऐकून परत यावे, आणि आपल्या कचेरीत, कारखान्यात, सोसायटीच्या सभेत ते सांगावे. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंना, इमारतीच्या पहारेकऱ्याला आठवड्याचा एक दिवस आणि वर्षाची चार दिवसांची भरपगारी रजा देणे कोणत्याही न्यायालयाच्या निकालावाचून आपल्या हाती आहे. येत्या सुटीचा खर्च कागदावर मांडताना ही एक रकम त्यात धरावी. लोखंड्यांनी मालकांकडे मागितले ते एवढेच होते, आणि आज या सभागृहातले आपण बहुतेक जण कुणाचे ना कुणाचे मालक आहोत.