बोन्सायच्या खोडावरील शेवाळ व दगडफूल

बोन्साय वृक्षाच्या सालीवरील हिरवी मखमल म्हणजे मॉस या प्रकारचे शेवाळ; करडे पापुद्रे म्हणजे दगडफूल. गोडा मसाल्यामुळे मराठी घरांना परिचित असलेले दगडफूल हे बुरशी व सूक्ष्म शैवाल यांचे सहजीवन होय. दोन्ही परोपजीवी नाहीत; ती झाडाचा अन्नरस शोषत नाहीत. कुंडीतील मातीवर शेवाळ उपकारक ठरते, कारण ते मातीची धूप रोखते. खोडावर मात्र त्याने धरून ठेवलेल्या ओलाव्याने साल कुजू शकते. असे शेवाळ ओल्या, मऊ ब्रशने हळुवार काढावे. पाइनची भेगाळलेली साल मात्र घासू नये. वृक्षाच्या वयाची ती खूण एकदा गेली, की पुन्हा तयार होण्यास अनेक वर्षे लागतात.