बहिष्कार नेमका कुणावर?

गावानं बहिष्कार टाकला म्हणजे काय, ते खेड्यातनं ठाण्या-कल्याणला पोट भरायला आलेल्या आपल्या म्हाताऱ्यांना विचारा. एकानं मेलेलं ढोर ओढलं नाही की सगळ्या महारवाड्याचं दळण, मजुरी बंद. दोषी कोण, हा सवालच नाही. स्टार्टे कमिटीत बाबासाहेब सभासद होते. तिच्या १९३० च्या अहवालात हे सगळं आलंय: वाटा अडवल्या, वाण्यानं सामान बंद केलं, तेही फालतू कारणावरनं.

मग उलटी शिक्षा कुणाला करायची?

पहिला प्रयत्न बोल्यांचा. सीताराम केशव बोल्यांनी १९२३ साली मुंबई कौन्सिलात ठराव आणला: सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. कोण ऐकतो? १९२६ ला पुढची शिफारस झाली, जी नगरपालिका ऐकणार नाही तिची ग्रँट बंद. ठाणे, कल्याणही त्यात आल्या. पण महाडनं ४ ऑगस्ट १९२७ ला तळं खुलं केल्याचा आपलाच ठराव फिरवला. ग्रँटचा धाक असता तर ही छाती झाली असती? आणि समजा ग्रँट खरंच तोडली, तर पहिला पगार कुणाचा अडकणार? झाडूवाल्याचा. म्हणजे आपलाच!

बाबासाहेबांनी ही मेख ओळखली होती असं मला वाटतं. गोलमेज परिषदेला दिलेल्या मसुद्यात त्यांनी ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या कायद्यावरनं तीन गुन्हे वेगळे केले. बहिष्कार टाकणं, टाकायला चिथावणं, धमकी देणं. अख्खं गाव पिंजऱ्यात उभं करता येत नाही. चिथावणारा पाटील करता येतो.

जगाला हे उशिरा कळलं. १९९० नंतर इराकची नाकेबंदी झाली, औषधांवाचून पोरं मेली, सद्दामचे महाल तसेच. २०१२ साली अमेरिकेनं मॅग्निट्स्की कायदा केला. त्यात देश नाही, छळ करणाऱ्या अधिकाऱ्यांची नावं. त्यांची खाती गोठवायची, व्हिसा नाकारायचा.

आपल्याकडे १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्यात हद्दपारी आहे, मालमत्तेची जप्ती आहे. सामूहिक दंडही ठेवलाय, तो राहू द्या. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ चा, लागू झाला जुलै २०१७ ला. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. २०१९ साली कल्याणशेजारी अंबरनाथला याच कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. कौमार्य चाचणीला विरोध केला म्हणून एका कंजारभाट कुटुंबाला वाळीत टाकल्याची तक्रार होती. गुन्हा जातीवर नाही, जातपंचायतीतल्या माणसांवर.

तेव्हा तक्रार लिहिताना ‘समस्त गावकरी’ लिहू नका. बैठक कुणी बोलावली, दुकानदाराला दम कुणी दिला, ती नावं घाला. दंडाची रक्कम वाळीत पडलेल्याला देता येते, तेही मागा.