सगळ्यांत अवघड पेपर

अमेरिकेत सनदी हिशेबनीस व्हायचं, म्हणजे सीपीए व्हायचं, तर चार पेपर द्यावे लागतात. ही परीक्षा देणारी दोन माणसं भेटली की पाच मिनिटांत एक वाद सुरू होतो: चारांतला सगळ्यांत अवघड कोणता? आपल्याकडच्या सीएच्या विद्यार्थ्यांनाही हा वाद परका नाही. पण दोन्हींत एक फरक आहे. सीएला प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपमध्ये एकूण ५० टक्के लागतात, त्यामुळे एका पेपरात कमी पडलेलं दुसऱ्यात भरून काढता येतं. सीपीएला ही सोय नाही. प्रत्येक पेपरात स्वतंत्रपणे ७५ मिळवायचे; एकात ९५ आले म्हणून दुसऱ्यातले ७४ माफ होत नाहीत. म्हणून तिथे ‘अवघड कोणता’ ही नुसती गप्पांची बाब उरत नाही. कोणता पेपर आधी द्यायचा, नोकरीतून किती रजा काढायची, किती पैसे फीमध्ये घालायचे, हे सगळं त्या उत्तरावर ठरतं.

या प्रश्नाला सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि त्यात उत्तर अनेकदा बदललेलं आहे.

१७ एप्रिल १८९६ रोजी न्यूयॉर्क राज्याने अमेरिकेतला पहिला सीपीए कायदा केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिली परीक्षा झाली. विषय चार होते: हिशेबाची तत्त्वं, प्रत्यक्ष हिशेब, ऑडिटिंग आणि व्यापारी कायदा. मात्र आधीपासून या धंद्यात मुरलेल्यांना परीक्षेतून सूट मिळू शकत होती. पहिल्या क्रमांकाचं प्रमाणपत्र मिळालेले फ्रँक ब्रोकर असेच परीक्षा न देता सीपीए झाले. म्हणजे हे चार पेपर अवघड होते की सोपे, हे पहिल्या पिढीतल्या कित्येकांना कधी कळलंच नाही.

क्रिस्टीन रॉस यांना कळलं. नोव्हा स्कॉशियात जन्मलेल्या या बाईंनी १८९८ साली न्यूयॉर्कची परीक्षा दिली आणि चांगल्या गुणांनी त्या उत्तीर्ण झाल्या. पण बाईला प्रमाणपत्र द्यायचं का, यावर अधिकाऱ्यांचा खल सुरू झाला. कायद्यात ‘पुरुषच हवा’ असं कुठे लिहिलेलं नव्हतं. तरी १४३ क्रमांकाचं त्यांचं प्रमाणपत्र हाती पडायला १८९९चा डिसेंबर उजाडला. चार पेपरांना काही दिवस पुरले, पाचव्याला दीड वर्ष लागलं.

पुढे राज्याराज्यांनी आपापले कायदे केले आणि आपापल्या परीक्षा सुरू केल्या. १९१७मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ अकाउंटंट्स या संस्थेने सामायिक प्रश्नपत्रिका देऊ केली. एकेक राज्य ती स्वीकारत गेलं आणि १९५२पर्यंत सगळीकडे एकच परीक्षा झाली. विसाव्या शतकातला बराच काळ ती वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरमध्ये, अडीच दिवस चालायची. एकूण साडेएकोणीस तास कागदावर पेन्सिल. प्रत्यक्ष हिशेबाचे दोन भाग असत आणि धास्ती मुख्यतः त्यांचीच असे. तत्त्व ठाऊक असून भागायचं नाही. आकड्यांच्या रांगा हाताने जुळवायच्या, बेरीज-वजाबाकी डोक्याने करायची, आणि ताळेबंद जुळला नाही तर घड्याळाकडे पाहत चूक शोधायची. परीक्षेत कॅल्क्युलेटर आला तो थेट १९९४ साली. त्या एका यंत्राने एका पेपराच्या अवघडपणाची जातच बदलली. हाताच्या वेगाची कसोटी संपली आणि कोणता नियम कुठे लावायचा, याची कसोटी उरली.

ऑडिटिंगचा पेपर जड होत गेला त्याचं कारण परीक्षा घेणाऱ्यांत नव्हतं. ते बाजारात घडत होतं. १९३३ आणि १९३४च्या कायद्यांनी भांडवल बाजारातल्या कंपन्यांचे हिशेब स्वतंत्र ऑडिटरकडून तपासून घेणं अमेरिकेत सक्तीचं झालं. पाठोपाठ १९३८मध्ये मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीचं प्रकरण फुटलं. तिने दाखवलेल्या सुमारे ८.७ कोटी डॉलरच्या मालमत्तेपैकी जवळजवळ १.९ कोटी डॉलरची मालमत्ता अस्तित्वातच नव्हती. कॅनडातल्या गोदामांत माल आहे असं कागदावर होतं, आणि ऑडिटर गोदामात गेलेच नव्हते. तसं जाण्याची तेव्हा रीतही नव्हती. पुढच्याच वर्षी नियम झाला: मालाच्या मोजणीला हजर राहा, आणि येणं असलेल्या रकमांची खात्री थेट देणेकऱ्याकडून करून घ्या. आज ऑडिटच्या पेपरात मालाच्या साठ्यावर प्रश्न येतो तेव्हा त्यामागे ती न पाहिलेली गोदामं असतात. २००१मध्ये एन्रॉन कोसळली, २००२मध्ये सार्बेन्स-ऑक्सली कायदा आला, आणि अभ्यासात आणखी प्रकरणं वाढली. अभ्यासक्रमात एखादा धडा कंटाळवाणा वाटला, तर तो कुणाचे तरी पैसे बुडाल्यानंतर आला असण्याची शक्यता बरीच असते.

एप्रिल २००४पासून परीक्षा संगणकावर गेली आणि एकेक पेपर सुटा देता येऊ लागला. विभाग चार: ऑडिटिंग, आर्थिक हिशेब व अहवाल, कर व कायदा, आणि व्यवसायाचं सर्वसाधारण ज्ञान. यातल्या दुसऱ्या विभागाच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार ‘फार’ असा होतो. मराठी कानाला तो पुढचं विशेषण आपोआप सुचवतो, आणि आकडेही त्याला दुजोरा देतात. कंपन्यांच्या हिशेबांबरोबर सरकारी आणि धर्मादाय संस्थांचे हिशेबही त्यात येतात, त्यामुळे नगरपालिकेचा निधी आयुष्यात कधी न पाहिलेला माणूसही त्याचे नियम पाठ करत बसतो. २०२४मध्ये हा पेपर साधारण ४० टक्के लोकांनी सोडवला, ऑडिटचा साधारण ४६ टक्क्यांनी, आणि कर-कायद्याचा ६० टक्क्यांहून जास्त लोकांनी.

मग लागला का निकाल? इथेच आकडे फसवतात. २०२४पासून चौथा पेपर तीन पर्यायांतून निवडायचा असतो. त्यातल्या कर-नियोजनाच्या पेपरात सत्तर टक्क्यांहून जास्त लोक उत्तीर्ण होतात, तर हिशेब-विश्लेषणाच्या पेपरात चाळीसच्या आसपास. म्हणून पहिला सोपा आणि दुसरा अवघड, असं सरळ म्हणता येत नाही. करांचा पर्याय बहुधा करांचं काम करणारे घेतात, आणि कर-कायद्याचा सक्तीचा पेपर नुकताच दिलेला असेल तर अर्धी तयारी झालेलीच असते. उत्तीर्णांची टक्केवारी पेपराबद्दल जेवढं सांगते, तेवढंच तो देणाऱ्यांबद्दल सांगते. ऑडिट फर्ममध्ये तीन वर्षं काढलेल्याला ऑडिटचा पेपर रोजच्या कामासारखा वाटतो. कारखान्याच्या हिशेब खात्यात बसणाऱ्याला त्यातले चारही पर्याय बरोबर दिसतात. २०२३अखेर बंद झालेला व्यवसाय-ज्ञानाचा पेपर बहुतेक वर्षं सोपा गणला जाई. पण त्यात इंग्रजीत टिपणं लिहायची असत, आणि ज्यांची ती भाषा नव्हती त्यांचा पेपर वेगळाच होता.

क्रमाचं गणितही आहे. पहिला पेपर उत्तीर्ण झाला की घड्याळ सुरू होतं. उरलेले तीन पूर्वी १८ महिन्यांत संपवावे लागत. २०२३नंतर बहुतेक राज्यांनी ही मुदत ३० महिन्यांपर्यंत वाढवली. मुदत उलटली की पहिला पेपर बाद. म्हणून ‘फार’ आधी द्या असा सल्ला मिळतो: त्यात नापास झालात तर घड्याळ अजून सुरूच झालेलं नसतं.

पण या परीक्षेच्या इतिहासातला सगळ्यांत अवघड पेपर परीक्षागृहात कधी वाटलाच गेला नाही. परवाना मिळण्यासाठी सीपीएच्या हाताखाली केलेल्या कामाचा अनुभव लागे, आणि कृष्णवर्णीय माणसाला गोऱ्या फर्म नोकरी देत नसत. जॉन क्रॉमवेल हे डार्टमथ कॉलेजचे गुणवंत पदवीधर, वॉशिंग्टनमधले शिक्षक. त्यांना आपल्या परिसरात वाट मिळाली नाही. १९२१मध्ये ते शेकडो मैल दूर न्यू हॅम्पशायरमधून अमेरिकेतले पहिले कृष्णवर्णीय सीपीए झाले, कारण तिथे अनुभवाची अट नव्हती. शिकागोत मेरी टी. वॉशिंग्टन १९४३मध्ये सीपीए झाल्या, हा मान मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. इतर कुठेही दार न उघडलेली तरुण मुलं अनुभवासाठी त्यांच्या फर्ममध्ये येत. तरीही १९६०च्या दशकात देशातल्या सुमारे एक लाख सीपीएंपैकी कृष्णवर्णीय जेमतेम शंभर होते. प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच होती. उत्तरपत्रिकेवर नाव नसे, रंग दिसत नसे. गाळणी आधीच लागलेली असे.

२०२०पासून ही परीक्षा मुंबईतही देता येते. विमानाचं तिकीट वाचलं, आणि ‘आधी फार की आधी ऑडिट’ हा वाद इथल्या क्लासांतही पोचला. उत्तीर्णांच्या टक्केवारीचे तक्ते पाहून क्रम ठरवायला हरकत नाही. पण परवान्यासाठी अजूनही साधारण वर्षभराचा अनुभव लागतो, आणि तो बहुतेक ठिकाणी परवानाधारक सीपीएने सही करून प्रमाणित करावा लागतो. चार पेपरांची तयारी सुरू करण्याआधी, ती सही कोण करणार, हे विचारून ठेवावं. त्या विभागाची उत्तीर्णांची टक्केवारी कुणी छापत नाही.