अकरा रिकाम्या ओळी

फुटबॉल सामन्याची कार्यक्रमपत्रिका ही मोठी अल्पायुषी वस्तू. मैदानाच्या दाराशी चार पैसे मोजून घ्यावी, खेळाडूंची नावे पाहावीत आणि खेळ संपला की खिशात चुरगळून टाकावी, एवढेच तिचे आयुष्य. तरीही जाडजूड ग्रंथांतून हाती न लागणारे सत्य कधीकधी अशाच एखाद्या कागदावर सापडते. १९ फेब्रुवारी १९५८ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात, ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर विकली गेलेली पत्रिका ही त्यांतलीच एक होय.

एफ. ए. चषक स्पर्धेच्या पाचव्या फेरीतील तो सामना. मँचेस्टर युनायटेडसमोर शेफील्ड वेन्सडे हा संघ उभा होता. पत्रिकेत शेफील्डच्या अकरा खेळाडूंची नावे रीतसर छापलेली होती. युनायटेडच्या बाजूस मात्र अकरा ओळी होत्या आणि त्या ओळींवर एकही नाव नव्हते.

कारण साऱ्या जगाला ठाऊक होते. तेरा दिवसांपूर्वी, ६ फेब्रुवारीला, बेलग्रेडहून परतणारे युनायटेडचे विमान इंधनासाठी म्युनिक येथे उतरले होते. तेथून उड्डाणाचा तिसरा प्रयत्न करीत असता, धावपट्टीवरील बर्फाच्या चिखलामुळे त्याला पुरेसा वेग घेता आला नाही आणि ते कोसळले. विमानात ४४ जण होते. त्यांपैकी २३ जण या अपघाताचे बळी ठरले. त्यांत आठ खेळाडू होते. कर्णधार रॉजर बर्न गेला. डब्लिनचा श्रद्धाळू तरुण लियम व्हेलन गेला. व्यवस्थापक मॅट बझ्बी हे स्कॉटलंडमधील कॅथलिक घराण्यातले. म्युनिकच्या रुग्णालयात त्यांना दोनदा अंतिम अभ्यंग संस्कार देण्यात आला. त्यांचे सहकारी जिमी मर्फी हे वेल्स संघाच्या सामन्यासाठी कार्डिफला गेल्यामुळे त्या विमानात नव्हते. संघ पुन्हा उभा करण्याचे काम त्यांच्या माथी आले.

पत्रिका छापखान्यात गेली तेव्हा मैदानात कोण उतरणार, हे खुद्द मर्फींनाही सांगता आले नसते. ब्लॅकपूलकडून अर्नी टेलर यांना आणले गेले. अ‍ॅस्टन व्हिलाच्या स्टॅन क्राउदर यांचा करार तर खेळ सुरू होण्यास तासभर उरला असता झाला. त्या मोसमात ते व्हिलाकडून याच स्पर्धेत खेळले होते. त्यांच्यासाठी नियम शिथिल करण्यात आला. अपघातातून वाचलेल्यांपैकी हॅरी ग्रेग आणि बिल फोल्क्स हे दोघेच त्या दिवशी खेळले.

ध्वनिक्षेपकावरून एकेक नाव पुकारले गेले आणि ज्याने त्याने आपापल्या पत्रिकेत ते लिहून घ्यावयाचे होते. सुमारे ६० हजार लोक मैदानावर होते. छापलेली यादी आपण वाचतो आणि विसरतो. स्वतःच्या हाताने लिहिलेले नाव मात्र मनात उतरते. जुन्या कर्णधाराच्या जागी नवे नाव लिहिताना त्या हातांना काय वाटले असेल, याची आपण केवळ कल्पना करू शकतो. आपल्याकडे तेराव्या दिवसापर्यंत घरातील सुतक जेमतेम फिटलेले असते.

ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेप्रमाणे तो राखेचा बुधवार होता. मनुष्य हा मातीच आहे, याचे स्मरण देणाऱ्या त्या दिवशी संध्याकाळी या मैदानावर प्रथम मौन पाळले गेले आणि मग खेळ सुरू झाला. शे ब्रेनन या २० वर्षांच्या युवकाचा तो मुख्य संघातील पहिलाच सामना. कोपऱ्यावरून त्याने मारलेला चेंडू वळून थेट जाळ्यात गेला. दुसरा गोलही त्याचाच. तिसरा १७ वर्षांच्या अ‍ॅलेक्स डॉसनचा. युनायटेडने ३-० असा विजय मिळवला. शेफील्डच्या खेळाडूंचीही येथे आठवण ठेवली पाहिजे. त्यांची नावे छापलेली होती, पण त्या रात्री त्यांच्या विजयाची इच्छा धरणारे फार थोडे असतील. अशा सामन्यात प्रामाणिकपणे खेळणे हीदेखील एक कसोटीच.

या विजयाने दुःख संपले नाही. दोनच दिवसांनी, २१ फेब्रुवारीला, डंकन एडवर्ड्स या २१ वर्षांच्या असामान्य खेळाडूने म्युनिकला प्राण सोडला. जॉनी बेरी आणि जॅकी ब्लँचफ्लॉवर हे वाचले, पण पुन्हा कधी खेळू शकले नाहीत. मे महिन्यातील अंतिम सामना युनायटेडने बोल्टनविरुद्ध गमावला. बझ्बी मात्र बरे होऊन परतले आणि १९६८ साली त्यांच्या संघाने युरोपीय चषक जिंकला. त्या संघात फोल्क्स होते, म्युनिकमधून वाचलेले बॉबी चार्ल्टन होते, आणि शे ब्रेननही होता.

पत्रिकेच्या मुखपृष्ठावर क्लबचे अध्यक्ष हॅरल्ड हार्डमन यांनी युनायटेडची वाटचाल चालूच राहील, असा निर्धार व्यक्त केला होता. आत मात्र त्या अकरा ओळी कोऱ्या होत्या. आम्हांस वाटते, या पत्रिकेचे मोल या दोन्ही गोष्टी एकत्र असण्यात आहे. नुसता निर्धार छापला असता तर ती घोषणा ठरली असती. नुसती रिकामी जागा राहिली असती तर तो शोकसंदेश झाला असता. गेलेल्यांची जागा लगेच भरून निघाल्याचा आव न आणता, पुढे जाण्याचे धैर्य तिने दाखवले. ज्या घरातून माणूस गेले आहे, त्या प्रत्येक घराला हे करावे लागते.